पाणीदार घोडा आणि अरुंद कुंपण

घोड्यासमोर वीस हात रुंदीचे कुंपण उभे केले आणि त्याला वेगाने त्यावर सोडले, तर तो बहुधा उडी घेतो. एवढ्या लांब कुंपणाला वळसा घालून जाण्यापेक्षा ते ओलांडणे त्यालाही सोपे वाटते. तेच कुंपण कापून तीन हातांचे केले आणि दोन्ही बाजूंचे कठडे काढून टाकले, की सारा प्रश्न बदलतो. उंची तीच असते, जमीन तीच असते. परंतु आता डावीकडे वाट मोकळी आहे आणि उजवीकडेही मोकळी आहे. उडी घ्यावी की कडेने निघून जावे, हे शेवटच्या दोनतीन पावलांत घोड्यालाच ठरवायचे असते, आणि त्या क्षणी पाठीवरच्या माणसाचे बळ जवळजवळ निरुपयोगी असते.

भित्र्या घोड्याला हे शिकवणे कष्टाचे आहे. पण पाणीदार घोड्याला शिकवणे त्याहून कठीण. भित्रा घोडा निदान थांबतो आणि शिकवणाऱ्याला विचार करायला उसंत देतो. पाणीदार घोडा कुंपण दिसताच उसळतो. कान टवकारतो, मान ताणतो, लगाम दातांत धरतो आणि पावले मोजायच्या आतच पुढे झेपावतो. अशा वेळी स्वाराचा हात आपोआप मागे येतो. लगाम खेचला की घोडा डोके वर करतो; डोके वर झाले की पाठ पोकळ होते; पाठ पोकळ झाली की मागचे पाय अंगाखाली येत नाहीत. मग एका खांद्याची किंचित झोकांडी जाते आणि तीन हातांचे कुंपण हातभर अंतराने बाजूला राहून जाते. प्रेक्षकांना वाटते, घोडा हट्टी आहे. खरे पाहता त्याला उडी घ्यायचीच होती. ती घेण्याची वाट त्याच्यापाशी उरलेली नव्हती.

घोड्याच्या डोळ्यांची ठेवणही येथे लक्षात घेतली पाहिजे. माणसाचे डोळे चेहऱ्याच्या पुढच्या बाजूस असतात. घोड्याचे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. मात्र कपाळाच्या अगदी समोरचा थोडासा भाग त्याला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहण्याचा त्याचा टापू अरुंद आहे आणि तो नाकाच्या रोखाने खाली उतरत जातो. म्हणून लांबची वस्तू पाहण्यासाठी तो मान उंचावतो आणि पायाजवळची पाहण्यासाठी खाली करतो. अडथळ्याचे अंतर जोखायचे तर त्याला मान हलवण्याची मुभा हवी. ज्याची मान आवळून धरली आहे त्या घोड्याला आपण अर्धवट आंधळा करून उडीवर नेतो, आणि मग त्यालाच दोष देतो.

ही गोष्ट आज उघड वाटते. परंतु शतकानुशतके घोड्यावर बसणाऱ्या माणसाला ती उमगली नव्हती, आणि ती उमगल्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून फारसा जुना नाही.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज शिकारीची चित्रे अनेकांनी पाहिली असतील. तांबडे डगले घातलेले स्वार कुंपणावरून उडत आहेत, घोड्यांचे चारही पाय हवेत पसरलेले आहेत आणि स्वार पाठीमागे रेलून बसले आहेत. रिकिबी लांब, पाय पुढे ताणलेले, एक हात कधी कधी तोल सावरण्यासाठी हवेत उडालेला. चित्रकाराने हे मनाने काढलेले नव्हते. लोक खरोखर असेच बसत. त्यामागे एक तर्कही होता. उडीनंतर घोड्याचे पुढचे नाजूक पाय प्रथम जमिनीला लागतात. तेव्हा स्वाराने मागे झुकून आपला भार मागच्या अंगावर घ्यावा आणि लगामाने घोड्याचे डोके उचलून धरावे, म्हणजे पुढच्या पायांना जपल्यासारखे होईल, असा तो तर्क. लष्करातील घोडेस्वारीच्या शाळांत हेच पाठ म्हणून शिकवले जाई. तेथील गुरूंचा आदर्श रिंगणातील घोडा हा होता. मान कमानीसारखी वळलेली, पावले मोजकी, प्रत्येक हालचाल स्वाराच्या हुकमातली. फ्रान्समध्ये या विद्येचे मोठमोठे आचार्य होऊन गेले, आणि त्यांची योग्यता कमी लेखण्याचे कारण नाही. पण रिंगणात जे शोभते ते खंदकावर चालत नाही, ही साधी गोष्ट त्यांच्या ग्रंथांत सहसा सापडत नाही.

प्रत्यक्ष परिणाम काय होई, तो घोड्याच्या बाजूने पाहावा. उडी घेताना त्याने मान पुढे टाकली की कडियाळ्याचा झटका थेट तोंडात बसे. त्याच क्षणी स्वाराचे सगळे वजन कंबरेवर आदळे, आणि त्यामुळे मागचे पाय कुंपणावर आपटत. असा अनुभव दहावीस वेळा आला की निमूट स्वभावाचा घोडा अडून बसायला शिके आणि पाणीदार घोडा पळायला शिके. तो उडीवर धावून जाई तो आनंदाने नव्हे. पुढे येणारी वेदना एकदाची उरकून टाकावी म्हणून. पाहणारे म्हणत, काय तेजस्वी जनावर आहे! आणि त्याचे तेज आवरण्यासाठी आणखी कडक कडियाळे बनवून घेत.

ही साखळी जेथे तुटली ते ठिकाण म्हणजे उत्तर इटलीतील पिनेरोलो. तुरीन शहरापासून जवळच, आल्प्सच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात इटलीच्या घोडदळाची शाळा होती, आणि फेदेरिको काप्रिल्ली हा तरुण अधिकारी तेथे शिकून तयार झाला. त्याचा जन्म 1868 मध्ये लिव्होर्नो येथे झाला. आपण सांगतो ते क्रांतिकारक आहे असा आव त्याने कधी आणला नाही. लिहिण्याचा त्याला कंटाळा होता. 1901 मध्ये लष्करी घोडदळाच्या एका नियतकालिकात त्याने मैदानी घोडेस्वारीच्या तत्त्वांवर लेखन प्रसिद्ध केले, तेच त्याचे मुख्य लेखन. बाकी सारे त्याने घोड्याच्या पाठीवर सांगितले.

काप्रिल्लीने एक फार साधी गोष्ट केली. खोगीर नसलेला, स्वार नसलेला मोकळा घोडा कुंपणावरून कसा उडी घेतो, हे तो पाहत राहिला. त्या काळी छायाचित्रणकलाही त्याच्या मदतीला आलेली होती. अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज याने 1878 मध्ये धावत्या घोड्याची लागोपाठ छायाचित्रे घेऊन चित्रकारांच्या शेकडो वर्षांच्या समजुती खोट्या ठरवल्या होत्या. आता उडी घेणारा घोडाही कागदावर थांबवता येऊ लागला होता. मोकळा घोडा उडीच्या वेळी मान लांबवतो, पाठ गोल करतो आणि उतरताना पुढच्या पायांवरच उतरतो. स्वार मागे रेलला म्हणून यात काही बदलत नाही. म्हणजे पुढच्या पायांना जपण्याचा जुना तर्क मुळातच फसवा होता. स्वार मागे झुकून घोड्याला मदत करीत नव्हता; तो फक्त त्याच्या वाटेत येत होता.

यावर काप्रिल्लीने काढलेला निष्कर्ष असा: घोड्याला उडी शिकवायची नाही, ती त्याला येतेच, स्वाराने त्याला अडथळा होऊ नये, एवढेच शिकायचे आहे. त्याने रिकिबी आखूड केल्या. स्वाराचे बूड खोगिरावरून किंचित उचलले, भार गुडघ्यांवर आणि टाचांत उतरवला, छाती पुढे नेली आणि हात घोड्याच्या तोंडामागोमाग जाऊ दिले. आपल्याकडे घट्ट मांड ठोकून बसणे हे घोडेस्वाराचे भूषण मानले जाते. काप्रिल्लीची मांडही घट्ट होती, पण ती गुडघ्याखाली घट्ट होती आणि कंबरेवर हलकी. त्याच्या मते रिंगणातील घोडेस्वारी आणि मैदानातील घोडेस्वारी या दोन निराळ्या, किंबहुना परस्परविरोधी विद्या होत्या. त्याच्या आग्रहामागे एक व्यावहारिक कारणही होते. सैन्यात भरती होणारा शेतकऱ्याचा मुलगा थोडक्या काळासाठी येतो. त्याला रिंगणातील सूक्ष्म कला शिकवत बसलो तर तो दोन्हीकडून जातो. त्याला घोड्याचे तोंड न दुखवता सरळ पुढे जाता आले, तरी घोडदळाचे काम भागते.

वरिष्ठांना हे रुचणे शक्यच नव्हते. पण 1902 मध्ये तुरीन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत काप्रिल्लीने मेलोपो नावाच्या घोड्यावर 2.08 मीटर उंचीची उडी घेतली. हा त्या वेळचा उच्चांक होता. सात फुटांच्या आसपासची भिंत आणि तिच्यावरून जाणाऱ्या घोड्याच्या मानेबरोबर पुढे गेलेला स्वार, हे दृश्य कोणत्याही लेखाहून अधिक बोलके होते. त्यानंतर त्याची पद्धत इटलीच्या घोडदळाने स्वीकारली आणि पिनेरोलोच्या शाळेत तो स्वतः शिकवू लागला. रोमजवळ तोर दि क्विन्तो येथे या शाळेचा पुढचा अभ्यासक्रम चालत असे. तेथल्या एका उभ्या उतारावरून अधिकाऱ्यांना घोडे खाली न्यावे लागत. उतरणीवर माणूस मागे झुकतो ही त्याची उपजत खोड. येथे मात्र पुढे झुकूनच उतरायचे, म्हणजे घोड्याचे मागचे पाय मोकळे राहतात. नवशिक्याच्या पोटात गोळा येई, आणि घोडा मात्र शांतपणे घसरत खाली जाई. कोणाला कोणावर विश्वास ठेवायचा आहे, हे त्या उतारावर स्पष्ट होई.

या पद्धतीत घोड्याला तयार करताना घाईला अजिबात जागा नव्हती. पाणीदार घोड्याबाबत तर सगळी मदार याच गोष्टीवर आहे, आणि इटालियन शाळेने घालून दिलेली वहिवाट थोड्याफार फरकाने आजही चालते. प्रथम जमिनीवर नुसता एक वासा टाकायचा आणि घोड्याला लगाम लांब सोडून कदम चालीने त्यावरून न्यायचे. एकदा नव्हे, वीस वेळा, तीस वेळा. उतावळ्या घोड्याला त्या वाशाचा कंटाळा आला पाहिजे. वासा म्हणजे काही पर्वणी नव्हे, रोजचेच काम आहे, हे त्याच्या अंगवळणी पडले की मग दुडक्या चालीने ओळीत मांडलेले चारपाच वासे. पुढे त्यांची जागा वीतदीड वीत उंचीचे बुटके अडथळे घेतात. इटालियन भाषेत त्यांना ‘काव्हालेत्ती’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘लहानगे घोडे’. या ओळीत एक गंमत आहे. अंतरे अशी मोजून ठेवलेली असतात की धावून गेलेल्या घोड्याचा पाय हमखास वाशाला लागतो. त्याला कोणी मारत नाही, कोणी ओढत नाही. त्याचेच खूर त्याला सांगतात की घाई केली. पुढच्या खेपेस तो मान खाली करून पाहतो. ज्या क्षणी पाणीदार घोडा आपणहून मान खाली करून आपल्या पायांकडे पाहतो, त्या क्षणी त्याचे शिक्षण सुरू झाले असे खुशाल समजावे.

अरुंद अडथळ्याचा पाठ यानंतरचा. येथे महागडी सामग्री लागत नाही. रिकामी पिंपे पुरतात. पाचसहा पिंपे आडवी, टोकाला टोक लावून ठेवायची. उंची गुडघाभर. घोडा दुडक्या चालीने त्यांच्या बरोबर मध्यावरून जाऊ लागला की दोन्ही टोकांचे एकेक पिंप काढायचे. उरलेल्या पिंपांच्या दोन्ही बाजूंना एकेक वासा तिरपा टेकवून ठेवायचा, म्हणजे घोड्याला नाल्यासारखी वाट दिसते. असे करत करत एकच पिंप उरते. मग एका बाजूचा वासा जमिनीवर उतरवायचा, नंतर दुसऱ्या बाजूचा, आणि अखेरीस दोन्ही उचलून न्यायचे. प्रत्येक पायरीला एक दिवस लागेल किंवा एक आठवडा. ते घोडा ठरवतो. उंची वाढवण्याचा मोह मात्र टाळायचा. उंचीने घोड्याचे बळ कसाला लागते, अरुंदपणाने त्याचे मन, आणि दोहोंची परीक्षा एकाच दिवशी घेणारा चाबूकस्वार आपल्या हाताने घोडा नासवतो.

घोडा डावीकडून निसटला तर काय करायचे? रागावलेला स्वार त्याला डावीकडेच गरकन फिरवून पुन्हा आणतो. यात घोडा एवढेच शिकतो की डावीकडे वळणे चालते. शहाणा शिक्षक त्याला तेथल्या तेथे थांबवतो, उजवीकडे वळवून परत आणतो आणि काढलेला वासा पुन्हा एकदा त्या बाजूला टेकवून ठेवतो. शिक्षा नाही, पण सवलतही नाही. आणि घोडा वेग वाढवू लागला तर कुंपणाच्या तोंडाशी लगाम आवळण्याऐवजी लांबूनच एक मोठे वर्तुळ घ्यायचे, पुन्हा एक घ्यायचे, आणि चाल एकसारखी झाल्यावरच कुंपणाकडे वळायचे.

या सगळ्यात स्वाराचे काम कोठे संपते, हा खरा प्रश्न आहे. दिशा, चाल आणि तोल ही तिन्ही त्याने लांबूनच ठरवून द्यायची. दोन्ही हात गल्लीच्या भिंतींसारखे, दोन्ही पोटऱ्या तशाच. नजर कुंपणाच्या पलीकडे. पण शेवटची काही पावले घोड्याची असतात. तेथे स्वाराने पुन्हा काही सांगायला जाणे म्हणजे आधीचे सगळे खोडून टाकणे होय. शूर माणसाला हे मौन फार अवघड जाते, आणि घोडदळात शूर माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. ही पद्धत कागदावर सोपी असूनही रुजायला वेळ लागला, त्याचे कारण बहुधा येथेच असावे.

काप्रिल्लीला तिचा प्रसार पाहायला मिळाला नाही. 1907 च्या डिसेंबरात तुरीनमध्ये घोड्यावरून पडून तो मरण पावला. त्या वेळी तो कोणतीही अवघड उडी घेत नव्हता. घोडा साध्या कदम चालीने चालला होता. वय अवघे 39.

पुढे मात्र निरनिराळ्या देशांचे अधिकारी इटलीला जाऊ लागले. रशियाचा पॉल रॉदझियान्को तेथे शिकून परतला, आणि त्याचा समावेश असलेल्या रशियन संघाने लंडनमध्ये सातव्या एडवर्डच्या नावाचा सुवर्णचषक 1912, 1913 आणि 1914 अशी लागोपाठ तीन वर्षे जिंकला. अमेरिकेच्या घोडदळातील हॅरी चेंबरलिन याने पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समधील सोम्यूर आणि इटलीतील तोर दि क्विन्तो या दोन्ही ठिकाणी शिक्षण घेतले. या दुहेरी शिक्षणाचे महत्त्व पुढे येईलच.

1932 च्या ऑगस्टची 14 तारीख. लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक सामन्यांचा तो अखेरचा दिवस. मुख्य क्रीडांगणात उड्यांची स्पर्धा होती. चार देशांचे अकरा स्वार उतरले आणि त्यांपैकी पाचच शेवटपर्यंत पोचले. अडथळे इतके कठीण होते की एकाही देशाचे तीन स्वार पूर्ण फेरी करू शकले नाहीत, आणि सांघिक पदके कोणालाच देता आली नाहीत. त्या दिवशी सुवर्णपदक मिळाले जपानच्या बॅरन ताकेइची निशी याला. त्याचा घोडा युरेनस हा त्याने 1930 मध्ये इटलीत विकत घेतलेला होता. उंचापुरा, दांडगा आणि सहजासहजी कोणाला न जुमानणारा म्हणून त्याची ख्याती होती. निशीच्या वाट्याला आठ दोषगुण आले. रौप्यपदक बारा दोषगुणांसह ‘शो गर्ल’ या घोडीवरील हॅरी चेंबरलिनला मिळाले. एकाने इटलीत घोडा निवडला, दुसऱ्याने इटलीत विद्या निवडली. पिनेरोलोचा एखादा जुना शिक्षक त्या दिवशी प्रेक्षकांत असता तर त्याला कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवाव्यात असा प्रश्न पडला असता.

निशी पुढे रणगाड्यांच्या पलटणीचा अधिपती झाला आणि 1945 मध्ये इवो जिमा बेटावरील लढाईत मारला गेला. युरेनसही त्याच सुमारास टोकियोत मरण पावला. घोड्यावरून रणगाड्यावर हा प्रवास जगातल्या सगळ्याच घोडदळांनी त्या दहा वर्षांत केला.

भारतातही तेच घडले. 1910 मध्ये मध्य प्रांतातील सागर येथे घोडदळाची शाळा निघाली होती. सागर हे नाव मराठी माणसाला नवे नाही. पेशव्यांच्या वतीने बुंदेलखंडाचा कारभार पाहणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांचे ते ठाणे. तेथे हिंदुस्थानी रिसाल्यांचे शिक्षक तयार होत. रिसाल्यांचे घोडे जाऊन गाड्या आल्या तेव्हा त्या शाळेचे प्रयोजनच उरले नाही. स्वातंत्र्यानंतर, 1953 मध्ये, विलीन झालेल्या संस्थानांच्या घोडदळांतून एक नवी पलटण उभी राहिली. तीच पुढे एकसष्टावी कॅव्हलरी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यात म्हैसूर आणि राजस्थानच्या स्वारांबरोबर शिंद्यांच्या ग्वाल्हेरचे स्वारही होते. युद्धाची गरज सरलेली ही विद्या अशा रीतीने लष्कराच्या अंगणात खेळ म्हणून टिकली. 1982 मध्ये दिल्लीच्या आशियाई सामन्यांत घोडेस्वारीचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा तीन कसोट्यांच्या स्पर्धेत रघुबीरसिंग यांनी ‘शहजादा’ या घोड्यावर सुवर्णपदक जिंकले. गुलाम महंमद खान यांना रौप्य आणि प्रल्हादसिंग यांना कांस्य मिळाले. सांघिक सुवर्णपदकही भारताकडेच आले.

या तीन कसोट्यांच्या स्पर्धेतच आजचा अरुंद अडथळा वाढला. पहिल्या दिवशी रिंगणातील शिस्त, नंतर रानावनातून काही किलोमीटरांची दौड आणि भक्कम, न हलणारे अडथळे, शेवटी मैदानातील उड्या. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून हा प्रकार चालत आला आहे. रानातील दौड आखणारे लोक बराच काळ अडथळ्यांच्या भव्यतेवर भर देत: रुंद खंदक, जाड ओंडके, खोल पाणी. पण 1999 मध्ये एकट्या ब्रिटनमध्ये या स्पर्धांत पाच स्वार मृत्युमुखी पडले. घोड्याचे पुढचे पाय न हलणाऱ्या ओंडक्याला अडतात, घोडा कोलांटी खाऊन उलटतो आणि स्वार त्याच्याखाली सापडतो. या अपघातांची चौकशी झाली, 2000 मध्ये अहवाल आला, आणि पुढील वर्षांत विशिष्ट दाब येताच मोडून ओंडका खाली सोडणाऱ्या खिळा अडथळ्यांना बसवण्यात आल्या. आखणी करणाऱ्यांचा कलही बदलत गेला. निव्वळ आकाराऐवजी अचूकपणा कसाला लावावा, असा विचार बळावला. अरुंद अडथळा चुकला तर घोडा सहसा पडत नाही. तो बाजूने निघून जातो. पहिल्या चुकीला 20 दोषगुण, त्याच अडथळ्यावर पुन्हा चुकला तर 40. पदक जाते, जीव जात नाही.

हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि तो फेटाळता येत नाही. तथापि त्यावरचा आक्षेपही ऐकण्यासारखा आहे. एकामागून एक अरुंद अडथळे, मध्ये मोजकी पावले, मधूनच तिरकी वळणे अशी आखणी झाली की स्वाराला घोडा सतत मुठीत ठेवावा लागतो. भरधाव वेगातून एकदम आवरायचे, वळवायचे, पुन्हा सोडायचे. असे वर्षानुवर्षे केलेला घोडा हळूहळू स्वतः पाहणे विसरतो आणि प्रत्येक पावलासाठी आज्ञेची वाट पाहतो. मग ज्या दिवशी स्वाराचा अंदाज चुकतो त्या दिवशी पाय उचलून दोघांना वाचवणारे कोणी उरत नाही. काप्रिल्लीने ज्या दावणीतून घोडा सोडवला तीच दावण नव्या सुताने विणली जात आहे, असे जुने जाणते म्हणतात ते अगदीच खोटे नाही.

न्यायाने पाहिले तर काप्रिल्लीचेही येथे थोडे चुकलेच होते. रिंगणातील विद्या मैदानात निरुपयोगी, असे त्याने निक्षून सांगितले, कारण त्याच्यापुढे कवायती शाळेचा अतिरेक होता. पण सरळ रेषेत चालणे, पोटरीच्या हलक्या स्पर्शाला खांदा हलवणे, सांगताच चाल आखूड करणे या गोष्टी रिंगणातच शिकवल्या जातात, आणि अरुंद अडथळ्यापुढे त्यांच्यावाचून भागत नाही. म्हणूनच सोम्यूर आणि तोर दि क्विन्तो या दोन्ही शाळांचे पाणी प्यालेल्या चेंबरलिनसारख्यांचा मार्ग अखेर बहुतेक देशांनी पत्करला. आज्ञापालन रिंगणातून घ्यायचे आणि स्वातंत्र्य मैदानातून. दोन्ही एकाच घोड्यात नांदवायला मात्र वर्षे लागतात. चार वर्षांच्या घोड्यावर हे काम सुरू केले तर उच्च दर्जाच्या स्पर्धेला तो सहसा आठनऊ वर्षांचा होईपर्यंत उभा राहत नाही; आणि घोडा जितका तापट, तितकी ही वाट लांबची.

1 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोजवळच्या सी फॉरेस्ट बेटावर ऑलिंपिकची रानदौड झाली. साथीमुळे सामने वर्षभर लांबले होते आणि प्रेक्षकांना मज्जाव होता. त्या दिवशी स्वित्झर्लंडचा जेट सेट हा घोडा दौडीच्या अखेरीस जायबंदी झाला आणि त्याला दयामरण द्यावे लागले. बंगळूरचे फवाद मिर्झा ‘सिन्यॉर मेडिकॉट’ या घोड्यावर भारताकडून उतरले होते. रिंगणातील कसोटीत त्यांना 28 दोषगुण मिळाले होते. दौडीत त्यांचा घोडा एकाही अडथळ्यावर अडला नाही, एकाही अरुंद कुंपणाला बगल देऊन गेला नाही. दोषगुण वाढले ते फक्त वेळेचे, 11.20, नेमून दिलेल्या वेळेपेक्षा त्यांना 28 सेकंद अधिक लागले होते. पुढे मैदानातील उड्यांनंतर त्यांना तेविसावे स्थान मिळाले.